चौकी क्रमांक ११२ची बिननावाची घंटा

चौकी क्रमांक ११२ वर काय काय होते, ते आधी नीट मोजून सांगते. एक खोली, तिला दोन खिडक्या आणि एक चूल. भिंतीवर एक घड्याळ, दिवसाला सहा सेकंद मागे पडणारे. दोन कंदील. एक लाल झेंडी. धुक्यात रुळावर ठेवायचे सहा फटाके. दोनशे चौदा पानांचे नियमांचे पुस्तक, त्यातली बोटांनी मळलेली पाने अकरा. एक फाटक. बाहेर एक शेळी, पाच कोंबड्या, कोबीचे चार वाफे. रेल्वेची हद्द दाखवणारे चार दगड. त्या दगडांच्या पलीकडे, दीड पावलावर, नाशपातीचे एक झाड. आणि फाटकाजवळ, लोखंडी खांबावर, टोपीसारख्या छपराखाली मी.

मित्रांनो, मी रेल्वेची एक जुनी घंटा आहे. देवळातली नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण घंटा म्हटले की सगळ्यांना तीच आठवते, आणि तेच माझे जन्माचे दुखणे आहे.

मी ओतीव पोलादाची. ज्या आठवड्यात मला ओतले, त्या आठवड्यात माझ्यासारख्या आणखी शहाऐंशी ओतल्या. मुकादमाने प्रत्येकीला हातोडीने एकदा वाजवून पाहिले, कडेला आकडा ठोकला आणि पुढे सरकवले. १८७५ साली ऑस्ट्रियाच्या बादशाहीतल्या गॅलिशियात, कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी, वेर्बीव्का गावाच्या फाटकावर मला उभे केले. तेव्हा ही लाइन एका कंपनीची होती. पाच वर्षांनी सरकारने ती चालवायला घेतली आणि पुढे विकतच घेतली. मग एक माणूस खरवडणी घेऊन आला. त्याने माझ्या खांबावरची कंपनीची अक्षरे खरवडली आणि तिथे दोन डोक्यांचा गरुड रंगवला. खाली लिहिले, ‘बादशाही-राजेशाही सरकारी रेल्वे’.

पुढच्याच वर्षी, १८९३ साली, प्रोकिप या चौकीवर गेटमन म्हणून आला. नुकतेच लग्न झालेले होते. त्याची बायको तेक्ला गाठोडे खाली ठेवायच्या आधी ती पाटी बघत उभी राहिली. प्रोकिपने तिला अक्षरे वाचून दाखवली.

“राजा एकच ना रे? मग बादशाही कशाला नि राजेशाही कशाला?”

“एका मुकुटात एवढी मोठी रेल्वे मावत नसेल.”

“आणि हा पक्षी? दोन डोकी कशाला त्याला?”

“एक गाडीकडे बघतं. दुसरं गेटमनकडे.”

तिने मान वर करून मला पाहिले, एवढे मला आठवते. “ही बरी आहे,” ती म्हणाली. बस्स. तेवीस वर्षांत तिने माझे केलेले कौतुक एवढेच.

माझे काम सांगते. खांबाच्या पोटात दातेरी चाके होती आणि साखळीला एक जड वजन लटकत होते. स्टेशनातून गाडी सुटली की स्टेशनमास्तर तारेतून वीज सोडत. माझ्या आतला एक अडकवणारा दात उचलला जाई, वजन बरोबर सात सेंटीमीटर खाली येई, आणि त्या जोरावर हातोडी माझ्यावर ठोके टाकी. या स्टेशनापासून त्या स्टेशनापर्यंतच्या सगळ्या चौक्यांवरच्या घंटा एकाच क्षणी वाजत. माझा आवाज आला की तेक्ला हातातले काम टाकून फाटक पाडी. डोलिनाच्या बाजूने मिठाचे डबे येत, डोंगरातून लाकडाच्या ओंडक्यांचे येत. रोज पहाटे सहा वाजता प्रोकिप दांडा फिरवून वजन पुन्हा वर चढवी. दर शनिवारी तो चाकांना आणि त्या दाताला तेल घाली. एकही शनिवार त्याने चुकवला नाही.

आणि रोज बारा वाजता तारेवरून दुपारचा इशारा येई. तो गाडीचा नव्हता, वेळेचा होता. मी वाजले की प्रोकिप घड्याळ जुळवून घेई. आधी रेल्वेने कोणत्या शहराची वेळ मानायची याचे हुकूम बदलत असत. १८९१ पासून मात्र सगळ्या सरकारी रुळांची दुपार एक झाली. ती दुपार पंधराव्या रेखांशावरची होती. आमचे गाव चोविसाव्यावर. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे आमचा सूर्य माझ्यापेक्षा सरासरी छत्तीस मिनिटे आधी डोक्यावर येई.

आणि सूर्य डोक्यावर आला की ती वाजे.

तिचे नाव वार्वारा. गावच्या देवळाच्या लाकडी मनोऱ्यात ती राहत होती. कांस्याची होती, तीनशे बारा किलोंची. मी अठ्ठावीस किलोंची. ती गावात आली तेव्हा तिला म्हणे पवित्र पाण्याने न्हाऊ घातले, भरतकामाच्या वस्त्रात गुंडाळले, दोन बायका तिच्या धर्ममाता झाल्या आणि मग तिचे नाव ठेवले. मला पहिल्या दिवशी गंज लागू नये म्हणून चरबी फासली होती.

देवळाचा घंटावाला ओनुफ्री मनोऱ्याशेजारच्या खांबाची सावली बघे, आणि सावली सगळ्यात आखूड झाली की दोर ओढी. ती वाजली की शेतातली माणसे टोप्या काढत, कुदळी खाली ठेवत, सावलीत बसून पाव सोडत. तेक्लाही हात पुसून क्रूस करी. आणि मग छत्तीस मिनिटांनी मी वाजे. कोणी मानसुद्धा वळवत नसे.

गाडीने कोणी चिरडले जाऊ नये म्हणून मी दिवसातून दहा-दहा, पंधरा-पंधरा वेळा घसा फोडायचा, आणि टोप्या कोणासाठी काढायच्या? तिच्यासाठी! तिने कधी कोणाचा जीव वाचवला होता? ती वाजे ती जेवायला, नाहीतर माणूस मेल्यावर. हा हिशेब मी मनात इतक्या वेळा मांडला आहे की माझ्या कडेला झीज झाली असेल तर ती त्यानेच.

ओनुफ्री संध्याकाळी फाटकाशी तंबाखू ओढायला येई आणि प्रोकिपला डिवचल्याशिवाय परत जात नसे.

“काय प्रोकिप, आज पण तुझी दुपार शिळीच निघाली.”

“मामा, तुमची कच्ची असते. माझी शिजून येते.”

“तुझी व्हिएन्नाहून चालत येते रे. दमते बिचारी.”

“आणि तुमच्या वार्वाराला आंधळेपणा आलाय. काल ढग होते तर अर्धा तास आधी वाजली.”

“ढग असले की ती मनानं वाजते,” ओनुफ्री म्हणे. “मन आहे तिला.”

हे तो माझ्याकडे बघून म्हणे, असे मला नेहमी वाटत आले.

मग युद्ध सुरू झाले. १९१६च्या वसंतात सैन्याची माणसे तराजू आणि कानशी घेऊन गावात आली. तोफांसाठी त्यांना कांस्य हवे होते. वार्वाराला खाली उतरवले, तेव्हा सगळे गाव जमले होते. बायकांनी तिला तिकडच्या सदाफुलीच्या वेलाची माळ घातली. घोडागाडीवर ठेवल्यावर प्रत्येकीने तिच्या कडेला ओठ लावले. ओनुफ्रीने दोर सोडला नव्हता. गाडी निघाली तरी तो दोराचे टोक धरून फाटकापर्यंत चालत आला. तिथे शिपायाने दोर कापला.

परत जाताना एका शिपायाने माझ्याकडे बोट दाखवले. दुसऱ्याने शिडी लावली, कानशीने माझ्या कडेला एक रेघ ओढली आणि धातूचा रंग पाहिला.

“पोलाद आहे. राहू दे.”

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, वाचलीस की! हो, वाचले. पण मला युद्धावर न्यायलाही कोणी तयार नव्हते. तिच्या माळेतली दोन फुले रस्त्यावर पडली होती. ती सुकेपर्यंत मी बघत होते.

मनोरा रिकामा झाला, आणि मला वाटले, आता माझी पाळी.

गावची अर्धी शेते जमीनदाराची होती आणि ती बघायला तुर्स्की नावाचा कारभारी होता. त्या उन्हाळ्यात सरकारने सगळी घड्याळे एक तास पुढे केली होती. त्यामुळे माझी दुपार सूर्याच्याही आधी येऊ लागली. मी वाजले की कापणीवरच्या बायका खाली बसू पाहत. तुर्स्की ओरडे, “सूर्य डोक्यावर आल्याशिवाय दुपार कसली? उठा!” एक ऑक्टोबरला घड्याळे पुन्हा मागे आली, बटाटे काढायचे दिवस आले, आणि त्याच तुर्स्कीने बांधावर उभे राहून जाहीर केले, “आता देवळाची घंटा नाही. सावल्या मोजत बसायला आपण काय जंगली आहोत? सरकारी दुपार आहे. तारेवरून येते, अचूक असते. ती वाजली की बसायचं, आधी नाही.”

“सरकारी मीठ, सरकारी तंबाखू,” पाटी डोक्यावर घेता घेता एक बाई म्हणाली, “आता भूकही सरकारी.”

शेतावर एकसष्ट जणी होत्या. पुरुष युद्धावर. त्या सूर्य उगवताच कामाला लागत, कारण दिवस सुरू करायला तुर्स्कीला सूर्य चाले. ऑक्टोबरअखेर आमचा सूर्य आणखी घाई करतो. तेव्हा तो रेल्वेच्या अकरा वाजून आठ मिनिटांनीच डोक्यावर येतो. मी वाजणार बाराला. मधली बावन्न मिनिटे त्या वाकून बटाटे खणत.

पहिले तीन दिवस मी सुखात होते, हे मला कबूल केले पाहिजे. एकसष्ट माणसे माझी वाट बघत होती! मी वाजले की एकसष्ट कुदळी खाली पडत. चौथ्या दिवशी मी त्यांचे बोलणे ऐकले.

“वाजली का ती पांगळी?”

“झोपलीय मेली. सरकारी पगार आहे तिला.”

“वार्वारा असती तर आत्ता आपण जेवून उठलो असतो.”

गेलेल्या वार्वारासाठी उसासे आणि माझ्यासाठी शिव्या. जी तिथे नव्हतीच, तिच्याशी मी कशी स्पर्धा करणार होते?

ती शेवटची बोलणारी तेक्लाची धाकटी बहीण पारास्का होती. तिला सातवा महिना होता. नवरा वसंतात रजेवर येऊन पुन्हा युद्धावर गेलेला, तेव्हापासून पत्र नाही. दर दहा पाट्यांमागे एक पाटी बटाटे घरी मिळत, आणि तेवढ्यावर तिचा हिवाळा निघणार होता. सतरा ऑक्टोबरला, पावणेबाराला, ती सरीतच कोसळली. बायकांनी तिला उचलून चौकीत आणले. तेक्लाने तिच्या ओठांना ताक लावले. संध्याकाळी सुईण येऊन गेली, आणि मग तेक्ला बाहेर येऊन माझ्या खांबापाशी उभी राहिली.

“सुईण म्हणाली, वेळेवर बसली, वेळेवर खाल्लं, तर दिवस भरतील. असंच चाललं तर मूल राहणार नाही.”

“मग बसू दे की वेळेवर,” प्रोकिप म्हणाला.

“एकटी बसली तर उद्या नाव कापतील. एकसष्ट जणी एकदम बसल्या तर कुणाचं कापणार आहे तुर्स्की? बटाटे काय तो खणणार? पण एकदम बसायला काहीतरी वाजायला हवं.” ती माझ्याकडे बघत होती. “अकरा वाजून गेले की हिच्यावर हातोडी मारते मी.”

मार! मी मनात म्हणाले. मार तेक्ला! एकदा तरी तारेने नव्हे, माणसाच्या हाताने मला वाजव!

प्रोकिपने पुस्तक आणले आणि मळलेल्या अकरा पानांतले एक उघडले. “तारेवरून न आलेला एक ठोका म्हणजे खोटा इशारा. नोकरी जाते. खोली जाते, शेळीची चराई जाते. ते सोड. पुढच्या चौकीवरचा एकशेतेरावाला तो ठोका ऐकेल, त्याला वाटेल गाडी निघाली. नंतर खरी निघेल तेव्हा तो फाटक उघडून बसलेला असेल. तेक्ला, तुझ्या बहिणीच्या मुलासाठी दुसऱ्या कुणाचं मूल रुळावर नको.”

ती डोक्यावर शाल घेऊन ओनुफ्रीच्या घराकडे निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओनुफ्री खांद्यावर काहीतरी घेऊन आला. तो नांगराचा एक मोडका फाळ होता.

“रेल्वेची हद्द कुठपर्यंत रे?” त्याने विचारले.

“दगडापर्यंत.”

“मग नाशपातीचं झाड कुणाचं?”

“कुणाचंच नाही. पाखरांचं.”

ओनुफ्रीने कापलेल्या दोराचे उरलेले टोक खिशातून काढले आणि त्या दोराने फाळ झाडाला टांगला. खांबाची सावली तो मनोऱ्यापाशी बघत बसायचाच, आता इथे काठी रोवून बघू लागला. सावली आखूड झाली तसा त्याने दगडाने फाळावर तीन ठोके मारले. आवाज चिरका होता, मला विचाराल तर भिकार होता. शेतावर एकसष्ट जणी ताठ उभ्या राहिल्या, एकमेकींकडे बघितले आणि बसल्या. तुर्स्की बांधावरून ओरडत राहिला. त्या पाव सोडत राहिल्या.

दोन दिवसांत त्यांनी फाळाचे नाव ठेवले. वार्वारका. म्हणजे छोटी वार्वारा.

मित्रांनो, मी एक्केचाळीस वर्षे तिथे उभी होते. ऊन, बर्फ, दोन सैन्यांची ये-जा, सगळे माझ्या अंगावरून गेले. मला नाव नाही. आणि गंजलेल्या, तुटलेल्या, नांगरालाही नको असलेल्या फाळाला दोन दिवसांत नाव! एका मुलीने त्याला रोवन नावाच्या रानझाडाची लाल फळे बांधली. मी जळत होते. पोलाद जळत नाही असे म्हणतात, त्यांनी मला विचारावे.

आता एक शास्त्रीय गोष्ट सांगते. दोन वस्तूंचे सूर जवळजवळ सारखे असले, तर एक वाजवली की दुसरी आपोआप थरथरते. त्या फाळाचा सूर माझ्या सुराजवळ होता. रोज अकरा वाजून आठ मिनिटांनी तो वाजे आणि मी, कोणाला ऐकू न येता, गुणगुणे. माझ्यामुळे खांब कापे. खांबामुळे आतला तो अडकवणारा दात कापे. आणि तो दात एक्केचाळीस वर्षांत झिजला होता.

तुर्स्कीने स्टेशनावर तक्रार लिहून दिली, की गेटमन प्रोकिप रेल्वेची घंटा हाताने वाजवून मजुरांना चिथावतो. सव्वीस ऑक्टोबरला दुपारी चार वाजता इन्स्पेक्टर क्लिमेश हातगाडीवरून रुळाने आला. आदल्या दिवशी कोणी कळवले नव्हते. त्याच्या हातात स्टेशनाची वही होती आणि मोजायची फीत होती. तुर्स्कीही येऊन उभा राहिला.

“साहेब, रोज वाजवतो. सगळ्या शेतानं ऐकलंय.”

“मी हात लावलेला नाही,” प्रोकिप म्हणाला.

“मग काय आपोआप वाजते?”

“वाजतो तो फाळ,” तेक्ला म्हणाली. “तो बघा, तिकडे. तो रेल्वेचा नाही, माझाही नाही.”

क्लिमेशने दगडापासून झाडापर्यंत फीत धरली. “एक मीटर वीस. हद्दीबाहेर.” त्याने वहीत लिहिले. “झाडाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण फाळाच्या आडून घंटा वाजवली असेल तर ते वजन सांगेल. सकाळी सहाला चढवलंस?”

“सहाला. पूर्ण.”

“प्रत्येक इशाऱ्याला सात सेंटीमीटर. वहीप्रमाणे सहापासून आत्तापर्यंत गाड्या नऊ. आणि बाराचा इशारा एक. म्हणजे दहा.” त्याने प्रोकिपकडे पाहिले. “एक जरी जास्त निघाला, तर उद्या सकाळपर्यंत खोली रिकामी.”

तेक्लाने शेळीचा दोर घट्ट धरला. का, ते तिलाही ठाऊक नसावे.

आता माझ्याबद्दल खरे सांगायला हवे. त्याच दिवशी सकाळी फाळ वाजला, तेव्हा वारा सुटला होता आणि मी रोजच्यापेक्षा जास्त थरथरले होते. दात केसभर सरकला होता. आणि माझ्या मनात आले होते, घसर! एकदा घसर! मी वाजेन, त्या सगळ्या जणी फाळाकडची मान माझ्याकडे वळवतील, एकदाच का होईना. त्याने प्रोकिपची खोली जाईल, फाळ वाजवायला झाडाखाली कोणी उरणार नाही, पारास्का पुन्हा बाराची वाट बघत वाकलेली राहील, हे मला सगळे माहीत होते. माहीत असूनही मनात आले होते.

पुढची वर्षे थोडक्यात सांगते. साम्राज्य मोडले. माझ्या खांबावरच्या गरुडाचे एक डोके खरवडून टाकले, आणि उरलेल्या एका डोक्याच्या गरुडासह दुसऱ्या सरकारची रेल्वे सुरू झाली. नंतर तोही गरुड गेला, तारा रंगवला. आता फाटक विजेवर पडते आणि मी सामानाच्या खोलीत जुन्या कंदिलांशेजारी आडवी पडून आहे. पारास्काला त्या डिसेंबरात, संत वार्वाराच्या सणाच्या दिवशी, मुलगी झाली. तिचे नाव काय ठेवले असेल, ते मी तुम्हाला सांगायला हवे का?

मित्रांनो, जुन्या यंत्राला कोणी नाव ठेवत नाही, आणि तशी आशाही धरू नये, हे मी शिकले. पण एक मागणे आहे. ज्या वस्तूवर कोणाचा जीव, कोणाचे घर टेकलेले असते, तिला वेळच्या वेळी तेल घालत जा. ती चांगल्या मनाची आहे की मत्सरी, हे बघू नका. तेल घाला. मनात काहीही आले, तरी तेल घातलेला दात आपल्या जागी परत बसतो. एकवीस ऑक्टोबरला, इन्स्पेक्टर यायच्या पाच दिवस आधी, शनिवार होता.

तर त्या दिवशी क्लिमेशने खांबाचे दार उघडले. वरच्या खुणेवर फितीचे एक टोक धरायला त्याने तुर्स्कीला सांगितले. दुसरे टोक त्याने स्वतः वजनापर्यंत ताणले, गुडघ्यावर बसला, चष्मा पुसला आणि आकडा दोनदा वाचला.

सत्तर सेंटीमीटर.